हाकेचा नियम

मार्गशीर्ष सरत आला की मी बीबीला, माहेरच्या गावी, येते. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण भाच्यानं आत्याची खोली मोडली नाही. ज्वारी हुरड्यात आलेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली असते. सकाळी दार उघडलं की ओल्या मातीचा आणि गोवऱ्यांच्या धुराचा वास नाकात शिरतो. त्या वासाबरोबर, इतकी वर्षं झाली तरी, मला भीती वाटते आणि मी दार परत लोटून घेते. घरातले म्हणतात, म्हातारीला थंडी बाधते. मीही म्हणते हाव, थंडीच बाधते. खरं सांगत बसलं तर हातातला चहा निवून जायचा.

ही भीती या हंगामाचीच आहे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते, अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, आणि मला हॉलंडला जायचं होतं. माझं नाव इंदू. लोणारच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. हे दुसरबीडचे. पुण्याला इंजिनिअर झाले, मग पाण्याच्या कामाचं शिकायला हॉलंडला गेले आणि तिथल्याच एका कचेरीत चिकटले. लग्नापुरती रजा काढून आले होते. संक्रांत झाली की आम्ही दोघांनी मिळून निघायचं, तोवर बीबीलाच राहायचं असं ठरलं होतं.

तोवर मला तिकडचे नियम शिकवायचे, असं यांनी मनावर घेतलं. रोज दुपारी आमच्या ओसरीवर हे पाटावर बसायचे, समोर बाबा, खांबाला टेकून मी. दाराआड माय तुरी निवडत बसलेली. जावयासमोर ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची आणि त्यांच्याशी थेट एक शब्द बोलायची नाही. जे विचारायचं ते माझ्याकरवी.

"तिथं रस्त्याच्या कडेला सायकलींची वेगळी वाट असते," हे सांगायचे. "त्या वाटेवर पायी चालायचं नाही. घंटी वाजवतील, पण थांबणार नाहीत. आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. इथल्या सवयीनं भलतीकडे पाहून रस्त्यात पाऊल टाकलंस तर खलास."

आतून सुपाचा आवाज थांबायचा. "इंदे, त्याहिले विचार, मंग बाया रस्ता वलांडतात कशा?"

"पाहून ओलांडतात, मामी," हे दाराकडे तोंड करून म्हणायचे. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

कोणाकडे न सांगता जायचं नाही. वेळ दिली असेल त्या वेळेलाच जायचं, आधीही नाही आणि नंतरही नाही. खिडक्यांचे पडदे उघडे असतात म्हणून आत डोकावायचं नाही. रस्त्यात मोठ्यानं बोलायचं नाही. घराचे जिने शिडीसारखे उभे, उतरताना कठडा सोडायचा नाही. कोळशाची शेगडी पेटली की खिडकीची फट उघडी ठेवायची, नाहीतर माणूस झोपेतच जातो. पोचल्याबरोबर पोलिसांत जाऊन नाव लिहून यायचं. हे ऐकून माय उंबऱ्यापर्यंत आली होती. आमच्या घरात पोलिसाचं नाव निघालं की बाबासुद्धा टोपी सरळ करायचे, आणि इथं मुलीनं आपल्या पायानं जायचं म्हणजे काय?

तिला सगळ्यात जास्त लागलं ते खाण्याचं. तिकडे चहाबरोबर डबा पुढे करतात, त्यातलं एक बिस्कीट घ्यायचं, आणि डबा बंद. आपण मानासाठी नको म्हटलं तर ते खरंच नको असं समजतात. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

"मंग पाहुना उपाशी जाते का?" मायनं मला विचारलं.

"जाते, मामी," यांनीच उत्तर दिलं.

आमच्याकडे तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा ताट ओढून घ्यायचं, ही लहानपणापासूनची शिकवण. "हे पोरगी भुकीनं मरते तथी," माय म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. मला हसू आलं होतं. पुढं तिथल्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंकडे मी मानानं नको म्हटलं, डबा टपकन बंद झाला, आणि घरी येऊन मी शिळ्या पावाबरोबर मायची चटणी खाल्ली, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

हे सगळे नियम मी ऐकत होते, पाठ करत होते. खरी भीती निघाली ती पाण्यावरून. यांनी एक दिवस सांगितलं की तिथं गावांच्या मधून कालवे जातात, रस्ता आणि पाणी एकाच पातळीला, मध्ये कठडा नाही. धुकं पडलं की पाणी कुठं सुरू होतं ते दिसत नाही. हिवाळ्यात वर बर्फ धरतो. तिथली माणसं चालायला लागली तरच त्याच्यावर पाय ठेवायचा, आणि पुलाखाली तर तेव्हाही नाही, तिथं बर्फ पातळ असतो. कितीतरी मुलूख समुद्रापेक्षा खाली आहे, बांध घालून पाणी अडवलेलं.

"समुद्र वर अन् गाव खाली?" बाबांनी विचारलं. लोणारचं तळं आम्ही पाहिलेलं होतं. तिथं पाणी खाली असतं आणि माणसं वर काठावर असतात. तेवढं पाणी सुद्धा आम्ही हात जोडून लांबूनच पाहायचो.

"हो. म्हणून तिथं शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवतात. अंगावर कपडे, पायात बूट, तसंच पाण्यात उतरवतात. माणूस काही कपडे काढून पडत नाही." मग हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिला पोहायला आलं पाहिजे. त्याशिवाय मी हिला नेणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

आत काहीतरी जमिनीवर पडलं. तुरीचं सूप होतं. दाणे उंबऱ्यावरून ओसरीत घरंगळत आले आणि ते वेचायला कोणी उठलं नाही.

यांना तेव्हा आमच्या घरातलं ठाऊक नव्हतं. आमच्या भागात पोरं विहिरीत पोहतात, पुरुष पोहतात, म्हशी डबक्यात बसतात. बाई पाण्यात उतरत नाही. बाई विहिरीत जाते ती एकाच कामासाठी, आणि मग गाव म्हणतं, पाय घसरला. माझी सकूकाकू, बाबांच्या धाकट्या भावाची बायको, मी सहा-सात वर्षांची असताना आमच्याच मळ्यातल्या विहिरीत गेली. हुरड्याचेच दिवस होते. पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं. काका पुढं गाव सोडून गेले. त्यानंतर माय त्या विहिरीवर कधी गेली नाही. मळ्यात यायची, पण विहिरीला वळसा घालून, कपाशीतून.

आता जावई म्हणत होते, मुलीला त्याच विहिरीत उतरवा. जावयाचा शब्द मोडायचा कसा? आणि मोडला तर हे एकटे निघून जाणार. लग्न होऊन महिना झालेली मुलगी माहेरी बसून राहिली तर बीबीपासून सुलतानपुरापर्यंत काय बोललं जाईल ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मायला दोन्हीकडून भीती होती. चार दिवस ती जेवण वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. पाचव्या दिवशी बाबांनी माळ्यावरचे वाळलेले भोपळे काढले, भावाला ज्यांच्यावर पोहायला शिकवलं होतं तेच, आणि झटकून ओसरीवर ठेवले.

"शिकून घे, बाई," ते मला म्हणाले. "दोर माह्या हातात राहीन."

त्या विहिरीत अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. वर ऊन असायचं, आणि पाच-सहा पायऱ्या उतरलं की थंडी अंगाला झोंबायची. भिंतीच्या कपारीत पारवे घुमायचे. पाणी काळं. पाठीवर भोपळे, कमरेला दोर, अंगावर नऊवारीचा काचा मारलेला. पहिल्या दिवशी मी शेवटच्या पायरीवर बसून राहिले आणि माझे दात इतके वाजत होते की बाबांना वर ऐकू गेलं. मला पाण्यात बुडण्याची भीती होती, ती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की खाली कुठंतरी सकूकाकू आहे. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला अजून आठवत होत्या. पायाला शेवाळ लागलं की वाटायचं, तिनं धरला.

बाबा बोलत राहायचे. कपाशी किती फुटली, बैलाचा खूर कसा आहे, असलं काहीबाही. आवाज थांबला की मी घाबरते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा कपारीतून पाणसाप निघाला आणि माझ्या समोरून मान वर करून शांतपणे गेला. मी भोपळ्यासकट पायरीवर चढले आणि बाबांनी शपथ घातली तरी त्या दिवशी परत उतरले नाही. गावात एव्हाना कुजबूज झालीच होती. पाणवठ्यावर मी गेले की बाया बोलणं थांबवायच्या. एक म्हातारी मायला येऊन सांगून गेली, "पोरीले समजावून सांग, जीव असा स्वस्त नसते." माय तिला काय सांगणार, की जावई हिला जगायला शिकवून राह्यले?

हात मारायचे, पाय मारायचे, ते हळूहळू आलं. एक भोपळा सुटला, मग दुसरा. एकच गोष्ट येईना. यांचा सगळ्यात मोठा नियम तोच होता.

"पडलीस की आधी हाक मार," हे वरच्या काठावरून सांगायचे. "तिथं माणसं दारं लावून आत असतात. हाक मारल्याशिवाय कोणाला कळणार नाही. हळू बोलायचा नियम रस्त्यावर, पाण्यात नाही. माझं नाव घेऊन मार."

नवऱ्याचं नाव! तेही बापासमोर! उखाण्यात घेतलं होतं तेव्हाच मी लाजून अर्धी झाले होते. लेकीबाळींनी आवाज चढवायचा नाही, सासरी तर पापण्याही वर करायच्या नाहीत, हे ज्या घरात शिकले त्याच घरच्या विहिरीत मला ओरडायला सांगत होते. मी तोंड उघडायची आणि आतून चिमणीएवढा आवाज यायचा. हे कपाळाला हात लावायचे. बाबा दुसरीकडे पाहायचे.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात यांनी ठरवलं, आता दोराशिवाय. कपडे घालून, बूट घालून, काठावरून उडी. त्यांचा लोकरीचा लांब कोट मला चढवला. तो माझ्या घोट्यापर्यंत येत होता आणि त्याला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. बाबा रिकामा दोर हातात गुंडाळून उभे. हे खाली शेवटच्या पायरीवर, कधीही उडी घेता येईल असे. पारवे गप्प झाले होते. मी काठावर उभी राहिले आणि पाण्यात मला कोटातली एक बाई दिसली. ती मी आहे हे कळायला वेळ लागला.

उडी मी मारली की भीतीनं तोल गेला, आजही सांगता येणार नाही. पाणी डोक्यावर मिटलं. कोट आधी फुगला, मग पाणी प्यायला आणि मला खाली ओढायला लागला. बूट जड झाले. पाय कसे मारायचे, हात कसे, सगळं विसरले. एकदा डोकं वर आलं, मला आकाशाचा गोल तुकडा दिसला, यांचा चेहरा दिसला, आणि तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. एवढा जीव जात असताना माझ्या मनात काय होतं, तर बाबांसमोर नाव कसं घ्यायचं. मी परत खाली गेले. कानात नुसतं पाणी. आणि त्या पाण्यातून वरचा एक आवाज आला.

"हाक मार, इंदे! हाक मार!"

माय होती. विहिरीच्या काठावर ओणवी झालेली, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, केस सुटलेले. जावई समोर आहेत, दीर-भावकीची माणसं बांधावर आहेत, कशाचं भान नव्हतं तिला. मी वर आले आणि ओरडले, "माय!" तो आवाज विहिरीच्या भिंतींवर आपटत वर गेला. पारवे एकदम उडाले. यांनी उडी घेतली होती, पण आवाज निघाला तसे माझे हात सुटले होते, पाय सुटले होते, आणि हे माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी पायरी धरली होती.

बाबांनी मळ्यातच शेकोटी केली. कोटातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी चवाळं गुंडाळून थरथरत बसले आणि माय माझे केस पुसत होती. जरा जास्तच जोरानं पुसत होती. हे समोर ओल्या अंगानं बसले होते आणि खुशीत होते. "जमलं," म्हणाले. "आता काही भीती नाही."

मायनं पदर डोक्यावर घेतला, पण नाकापर्यंत ओढला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती यांच्याकडे पाहून बोलली.

"जवाईबुवा, सकूनं हाक मारली होती."

बाबा म्हणाले, "राहू दे आता."

"कायले राहू देऊ?" ती म्हणाली. "पानी डोक्यावर आलं तवा तिले वर याचं होतं. मी कपाशीत होती. मले आयकू आली. मी धावली, पन काठावर उभी राहून करू काय? मले पोहता येत नव्हतं. मानसं येईपर्यंत हाक थांबली." तिचा हात माझ्या केसांत थांबला होता. "अन् त्याच्या आधी सालभर ते घरात हाका मारून राह्यली होती. त्याही मले आयकू येत होत्या. मी म्हनलं, आपल्याले काय करता येते."

ज्वारीची धाटं शेकोटीत तडतडत होती. बाबा उठून बैलांकडे गेले, बैलांचं काही काम नसताना.

"तुमच्या मुलखाचे सारे कायदे तुम्ही सांगतले," माय म्हणाली. "हे पोरगी थे पाळीन. माहा एकच हाये, थो तुमच्यासाठी. हिनं तथी हाक मारली तर आयकजा. पान्यातूनच मारली पाहिजे असं नाही."

हे एवढंच म्हणाले, "हो, मामी."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. माझं जायचं पक्कं झालं होतं. पण शेकोटीपाशी बसून मी जितकी घाबरले तितकी विहिरीतही घाबरले नव्हते. ज्या घरात मी हसत-खेळत वाढले, त्याच घरात एक बाई सालभर हाका मारत होती, आणि मी तिच्या मांडीवर बसून हुरडा खात होते. बर्फ पातळ कुठं असतो हे मला निदान यांनी सांगितलं होतं. घरात पातळ जागा कुठं असते हे कोणी सांगत नाही.

हॉलंडला आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. मी कालव्यात एकदाही पडले नाही. बर्फावर पाय ठेवला तो शेजारची दहा माणसं चालून गेल्यावर, पुलाखाली कधीच नाही. धुकं पडलं की मी भिंतीच्या कडेकडेनं चालायची. उजव्या बाजूनं चालणाऱ्या गाड्यांची सवय झाली, एका बिस्किटाची सुद्धा. नवऱ्याचं नाव मात्र मी शेवटपर्यंत घेतलं नाही. "अहो," अशीच हाक मारायची. बरणीचं झाकण निघत नाही म्हणून मारली तरी हे हातातलं पुस्तक पालथं टाकून जिन्यावरून धडधडत यायचे. कठडा सोडून उतरायचे. सांगितलेला नियम स्वतःच मोडायचे. "काय झालं?" म्हणायचे. झाकण, म्हटलं की उघडून द्यायचे आणि काही न बोलता परत जायचे. कधी कधी मला कशाचीच गरज नसायची. नुसतंच घर फार शांत झालेलं असायचं. तेव्हाही मी हाक मारायची, आणि तेव्हाही ते यायचे.

आता ते नाहीत, आणि मळ्यातली विहीर लोखंडी जाळीनं झाकलेली आहे, वर मोटारीचा पाइप. पारवे जाळीतून कसे आतबाहेर करतात कोण जाणे. भाच्याच्या मुलाचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नवी सून गुणाची आहे, असं सगळे म्हणतात. म्हणजे ती बोलत नाही. मी आल्यापासून पाहते आहे, ती ताटं वाढते, तिसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणते, आणि तिचं ताट कोणी ओढून तिच्यासमोर ठेवत नाही. काल दुपारी तिच्या सासूला, म्हणजे माझ्या भाचेसुनेला, विचारलं, पोरीचं काही दुखतं-खुपतं का. ती म्हणाली, "काही नाही आत्याबाई, स्वभावच तसा शांत हाये तिचा."

आज सकाळी मी ओसरीवर उन्हात बसले होते. मांडीवर शेंगांची टोपली. आत सगळे आपापल्या कामात. मागच्या अंगणातून नव्या सुनेची हाक आली. फार बारीक, मारावी की नको अशा बेतानं मारलेली.

"आत्याबाई?"

भाच्यानं वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हणाला, "काही नसंन. बसा तुम्ही."

मी शेंगांची टोपली खाली ठेवली, खांबाला धरलं, आणि उठले.